होय, वडापाव हे सँडविचच आहे

खाद्यपदार्थांच्या क्रमवाऱ्या लावणाऱ्या टेस्टअ‍ॅटलासने २०२४ साली जगातल्या उत्तम सँडविचांची यादी काढली आणि तिच्यात आपला वडापाव १९व्या क्रमांकावर बसवला. महाराष्ट्रात त्याचं स्वागत पावशेर आनंदाने आणि पाऊण शेर संतापाने झालं. संताप क्रमांकाचा नव्हता, पंगतीचा होता. वडापावाला सँडविच म्हणायची यांची हिंमत कशी झाली, असा एकूण सूर. तेव्हापासून हा वाद मधूनमधून उकळतो आणि दर वेळी तीच कारणं त्याच ठसक्यात मांडली जातात. सँडविच थंड असतं, वडापाव गरम. वडापावाचा पाव पुरता कापलेला नसतो. त्यात मान वड्याचा, पावाचा नव्हे. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज चढवून : वडापाव हा वडापाव आहे, त्याला कुणा लॉर्डाच्या नावाची गरज नाही.

पहिली तीन कारणं चुकीची आहेत. चौथं चुकीचंही नाही, कारण ते कारणच नाही.

गरम-थंडाचं आधी उरकून घेऊ, त्यात फार दम नाही. ज्या लॉर्डाच्या नावाने हा सगळा प्रकार चालतो ते जॉन मोंटेग्यू, सँडविचचे चौथे अर्ल. त्यांची प्रसिद्ध गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती प्येर-जाँ ग्रोस्ले या फ्रेंच प्रवाशामुळे. १७७०मध्ये छापलेल्या त्याच्या लंडनवरच्या पुस्तकात एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावरून हलत नाही आणि मधल्या वेळात पावाच्या दोन कापांत घातलेलं गोमांस खातो. ते काप भाजलेले होते, असं ग्रोस्ले आवर्जून नोंदवतो. म्हणजे पहिल्या दंतकथेतलं सँडविचच टोस्ट होतं. आणि इतक्या लांब जायचं तरी कशाला? मुंबईत कुठल्याही ऑफिसाबाहेर उभ्या असलेल्या सँडविचवाल्याकडे बघा. बटाटा, बीट, काकडी, कांदा, टोमॅटो, हिरवी चटणी, मसाला असं सगळं रचून तो लांब दांड्याचा चिमटा-टोस्टर विस्तवावर धरतो आणि चटका बसेल असं टोस्ट सँडविच हातात ठेवतो. गरम आहे म्हणून ते सँडविच नाही, असं त्याला सांगून बघा. पुढच्या गिऱ्हाइकाला तो तुमची जागा देईल.

पुरता न कापलेल्या पावाचा मुद्दा जरा वरच्या दर्जाचा आहे. तो मुळात आपला नाही, अमेरिकेतून आलाय. तिथे हॉट डॉग हे सँडविच आहे की नाही यावर गेली कित्येक वर्षं गमतीचं महाभारत चालू आहे. २०१५ साली तिथल्या राष्ट्रीय हॉट डॉग आणि सॉसेज परिषदेने जाहीरच करून टाकलं की हॉट डॉग सँडविच नाही. शब्दकोशवाल्या मेरियम-वेब्स्टरने पुढच्या वर्षी उलट कौल दिला. २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांना मुलाखतकार स्टीफन कोल्बेरने दूरचित्रवाणीवर हाच प्रश्न टाकला, तेव्हा त्यांनी न्यायाधीशाला शोभेल असंच केलं. आधी सँडविचची व्याख्या सांगा म्हणाल्या, आणि त्याने सांगितलेल्या व्याख्येत हॉट डॉग बसतो हे पाहून मान्य करून मोकळ्या झाल्या. नकारवाद्यांचं मुख्य शस्त्र तेव्हाही हेच होतं : पाव एका बाजूने जोडलेला असतो, दोन सुटे काप नसतात.

आता आपल्या गाडीवर या. लादीतून पाव सुटा करतात, सुरी आडवी घालून तो तीन बाजूंनी उघडतात, एक कड शाबूत ठेवतात. आत सुकी लसणाची चटणी भुरभुरतात, हिरवी चटणी फासतात, वडा दाबून बसवतात. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ती शाबूत कड बहुतेक वेळा फाटतेच. मग काय झालं? वडापाव म्हणून घेतलेली वस्तू अर्ध्यावर सँडविच झाली? पाव शिळा असला आणि कड हातात घेतानाच तुटली, तर गाडीवाल्याने ‘वडापाव’ या पाटीखाली सँडविच विकलं म्हणून फसवणुकीची तक्रार करायची का? ज्या फरकाचा निकाल पाव सकाळचा आहे की कालचा यावर लागतो, तो जातीचा फरक असू शकत नाही.

आणि कोल्हापूरकरांचं काय करणार? कोल्हापुरात वडा स्लाइस ब्रेडबरोबर खायची जुनी रीत आहे. मिसळीबरोबरही तिथे ब्रेडच येतो, लादीपाव मागितला की समोरचा माणूस तुम्ही पुण्या-मुंबईचे हे ओळखतो. म्हणजे तोच बटाटा, तेच बेसन, तीच मिरची, आणि खाली-वर पावाचे दोन चौकोनी, पुरते सुटे काप. अमेरिकी नकारवाद्यांच्या कडक व्याख्येतही हे निर्विवाद सँडविच झालं. मग मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालेला वडा वाटेत नेमका कुठल्या स्टेशनावर धर्मांतर करतो, ते नकारवाद्यांनी सांगावं.

तिसरं कारण मानाचं. सँडविचमध्ये पाव मुख्य, वडापावात वडा मुख्य, पाव फक्त सोबतीला. हे म्हणणाऱ्यांनी चांगलं सँडविच खाल्लेलं नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. पावासाठी सँडविच कोण खातं? गोव्यात चोरीस पाव खाणारा चोरिसासाठी खातो, बर्गर खाणारा टिक्कीसाठी. वडा एकटाही खाता येतो, म्हणून वडापाव सँडविच नाही, असंही एक उपकलम मी ऐकलंय. उकडलेलं अंडं एकटं खाता येत नाही का? मग अंड्याचं सँडविचही बाद करा.

आता ते चौथं. खरं दुखणं तिथे आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो.

वडापावाला सँडविच म्हटलं की आपल्या माणसाला ते परकीयांनी केलेलं बारसं वाटतं. आपलं होतं ते त्यांनी त्यांच्या खात्यात जमा केलं, असं वाटतं. भावना समजण्यासारखी आहे, पण ती वडापावाच्या बाबतीत फार विनोदी ठरते. पाव पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, तीही त्याच गलबतांच्या काळात इकडे आली. फोडणीतला हिंग आजही बहुतांशी अफगाणिस्तानातून येतो. यातलं काही गैर नाही. वडापाव इथलाच आहे, कारण या सगळ्याची सांगड इथे बसली. १९६६च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडा पावात गेला असं मानतात, सुधाकर म्हात्रे यांचंही नाव घेतलं जातं. पण ज्याचा जवळजवळ प्रत्येक घटक बाहेरून आलाय, त्याला वर्गाचं नाव तेवढं बाहेरचं चालत नाही, हा सोवळेपणा कुठला?

शिवाय हा सोवळेपणा निवडक आहे. मिठाईच्या दुकानात छेन्याच्या दोन थरांत मलई भरून मलई सँडविच विकतात. फरसाणवाल्याकडे मध्ये हिरव्या चटणीचा पट्टा असलेला सँडविच ढोकळा मिळतो. या दोघांत पावाचा कणसुद्धा नाही. मिठाईची अस्मिता दुखावली म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. जिथे हे नाव केवळ अलंकार म्हणून चिकटवलंय तिथे चालतं, आणि जिथे अक्षरशः लागू पडतं तिथे चालत नाही.

मला वाटतं, या रागाच्या तळाशी परकीयांपेक्षा शेजाऱ्यांचा हिशेब जास्त आहे. आपल्याकडे सँडविच बराच काळ वाढदिवसाच्या ताटलीतलं, कडा कापून त्रिकोणी केलेलं, वेफर्सच्या शेजारी बसणारं खाणं होतं. वडापाव गिरणगावाचा. पाळीला जाणाऱ्या, पाळीवरून सुटलेल्या, स्टेशनाच्या जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाचा. त्यामुळे ‘वडापाव म्हणजे सँडविच’ हे वाक्य काहींना वडापावाला कोट-टाय घातल्यासारखं वाटतं. पण मूळ गोष्ट पाहिली तर चित्र उलटं आहे. जुगाराच्या टेबलावरचा लॉर्ड असो, किंवा त्यांचे चरित्रकार एन. ए. एम. रॉजर म्हणतात तसा कामाच्या टेबलावर अडकलेला आरमारमंत्री असो, त्याची अडचण गिरणी कामगाराचीच होती. उठायला वेळ नाही, ताट नाही, एक हात गुंतलेला आहे, बोटं तेलकट होऊन चालणार नाहीत. एकाच्या हातात पत्ते किंवा लेखणी, दुसऱ्याच्या हातात लोकलची कडी. दोन्हीकडे पाव मदतीला आला, आणि एकाच पद्धतीने आला. लॉर्डाने काम सोडून नीट जेवायला उठायला हवं होतं असं म्हणणारे नोकरचाकर त्याच्याकडे होते. कामगाराकडे तो पर्यायच नव्हता. तेव्हा सँडविच या कल्पनेवर जास्त हक्क कुणाचा, हा प्रश्न लॉर्डाला जड जाईल, आपल्याला नाही.

पण हेतू सारखा म्हणून वर्ग एक, असं म्हणून मला सुटता येणार नाही. कागदाच्या पुड्यातली भजीही चालता चालता खातात. व्याख्या हवीच. आणि व्याख्या कशी करावी हे शिकायला आपल्याला अमेरिकी हॉट डॉग परिषदेकडे जायची गरज नाही. आपल्या न्यायशास्त्राने हे काम शतकांपूर्वी करून ठेवलंय. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या परंपरेत लक्षणाचे तीन दोष सांगतात आणि तिन्हींना उदाहरण गाईचं. जिला शिंगं ती गाय म्हटलं तर म्हैसही गाय होते, ही अतिव्याप्ती. कपिल रंगाची ती गाय म्हटलं तर पांढरी गाय बाहेर पडते, ही अव्याप्ती. जिचा खूर दुभंगलेला नाही ती गाय म्हटलं तर एकही गाय उरत नाही, हा असंभव. निर्दोष लक्षण म्हणून ते गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे सास्ना, पुढे करतात. (युरोपातल्या गाईंची ही कातडी आपल्या गावरान गाईइतकी लोंबत नाही. नैयायिकांनी तिकडचा गोठा पाहिला असता तर एक टीका आणखी लिहावी लागली असती.)

वडापावाच्या नकारवाद्यांच्या सगळ्या व्याख्या अव्याप्तीने मेलेल्या आहेत. थंडपणा घ्या, टोस्ट सँडविच बाहेर. दोन सुटे काप घ्या, लांब पाव अर्धा चिरून भरलेली सगळी सँडविचं बाहेर. ही मंडळी कपिल गाय बघून बसली आहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे काकडी-टोमॅटोचा त्रिकोण आहे आणि जो तसा दिसत नाही तो त्यांना परका वाटतो.

माझं लक्षण असं. पाव आधी स्वतंत्रपणे भाजून तयार झालेला हवा. सारण त्याच्या दोन पृष्ठांमध्ये, बोटांच्या दाबाने धरलेलं हवं. आणि सगळं एकत्र उचलून, एकाच घासात पाव-सारण दोन्ही येतील असं खाता यायला हवं. तिन्ही अटी एकदम. वडापाव तिन्हींत बसतो, दाबेली बसते, समोसा पाव बसतो, भजीपाव बसतो. मिसळपाव आणि पावभाजी बसत नाहीत, कारण तिथे पाव बुडवायचं साधन आहे. त्याच कारणाने कोल्हापूरचा कटवडाही बाहेर. ब्रेड तोच, पण वडा कटात पोहतोय.

ही व्याख्या मी मुद्दाम घट्ट ठेवली आहे, कारण माझं भांडण दुसऱ्याही टोकाशी आहे. काही हुशार लोक म्हणतात, हो ना, वडापाव सँडविच, हॉट डॉग सँडविच, आणि मग सगळंच सँडविच! पिठाचं आवरण कुठल्या बाजूला आहे एवढंच मोजून पदार्थांची वर्गवारी लावणारा एक घनाचा नियमही त्यांनी काढलाय. खाली पीठ असेल तर टोस्ट, खाली-वर असेल तर सँडविच, सहाही बाजूंनी असेल तर इटलीचं काल्झोने. या हिशेबाने आपली करंजी काल्झोने, पुरणपोळी काल्झोने, आणि गणपतीपुढे एकवीस काल्झोने वाफवून ठेवायचे. ही शुद्ध अतिव्याप्ती, शिंगं मोजून म्हशीला गाय ठरवणं. पुरणपोळीत पीठ आणि पुरण एकत्र लाटले जातात, एकत्र भाजले जातात. त्या पोळीला पुरणाआधी आयुष्यच नव्हतं. वडापावातला पाव मात्र बेकरीत पहाटेच भाजून निघालेला असतो, तेव्हा वड्याचा बटाटा उकडायलाही ठेवलेला नसतो. माझी पहिली अट याचसाठी आहे. भूमितीला पाककृती कळत नाही.

यावर हे लोक कोर्टाचे दाखले काढतात. म्हणतात, न्यायाधीशांचंसुद्धा एकमत नाही, म्हणजे प्रश्नच पोकळ. दाखले खरे आहेत आणि मजेदारही. २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एका दुकान-संकुलात पनेरा या साखळीच्या भाडेकरारात दुसऱ्या सँडविच दुकानाला मज्जाव होता. तिथे बरिटो विकणारी क्वडोबा येणार म्हटल्यावर प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती जेफ्री लॉक यांनी सांगितलं की बरिटो, टाको हे सँडविच नव्हेत. २०२४ साली इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये न्यायमूर्ती क्रेग बोबे यांनी त्याच टाको-बरिटोंना मेक्सिकन पद्धतीचं सँडविच ठरवलं. न्यूयॉर्क राज्याचा करविभाग तर बरिटो, हॉट डॉग आणि नुसतं लोणी लावलेला बेगल, सगळ्यांना सँडविच म्हणून मोजतो. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याहून वर कडी केली. कायद्यात पावातली साखर पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत हवी, सबवेच्या पावात ती १० टक्के होती, म्हणून मूल्यवर्धित कराच्या लेखी तो पावच नाही. सँडविच आहे, पाव नाही!

आपणही मागे नाही. २०२० साली कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने पराठा म्हणजे रोटी नव्हे असं ठरवून त्यावर १८ टक्के जीएसटी लावला होता. २०२५च्या सप्टेंबरपासून रोटी आणि पराठा दोघेही शून्यावर आले. २०२४मध्ये कोइमतूरच्या एका नामांकित हॉटेलमालकांनी अर्थमंत्र्यांसमोरच व्यथा मांडली होती की बनवर कर नाही, पण आत क्रीम भरलं की १८ टक्के, आणि गिऱ्हाईक म्हणतं, बन आणि क्रीम वेगवेगळे द्या, भरायचं आम्ही बघतो.

पण यातून निघतं काय? करविभाग महसूल मोजतो, न्यायाधीश करार वाचतो. फोर्ट वेनच्या न्यायाधीशापुढे प्रश्न होता की जागेच्या वापराच्या लेखी हमीत ‘सँडविच’ म्हणून काय चालावं. बरिटो म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. या निकालांचा एकमेकांशी मेळ नाही, कारण त्यांचे प्रश्नच वेगळे होते. त्यावरून सँडविचला आकारच नाही असं म्हणणं म्हणजे रेल्वेच्या अर्ध्या तिकिटावरून मूल अर्धा माणूस ठरवणं.

बरिटोबद्दल माझं मत विचाराल तर मॅसॅच्युसेट्सचे न्यायमूर्ती बरोबर होते, आणि आपल्या फ्रँकीलाही तोच निकाल लागू. गुंडाळलेली पोळी स्वतःच स्वतःला धरून ठेवते. सँडविच बोटांनी धरावं लागतं, सोडलं की उघडतं. पुण्याच्या पॅटीसवर मात्र मला जरा विचार करावा लागला. ब्रेडच्या दोन कापांत बटाट्याची भाजी, इथवर ते निखळ सँडविच. मग ते बेसनात बुडवून तळतात, आणि हाताला पाव लागेनासा होतो. माझा निकाल असा की पॅटीस हे भजं आहे, त्याच्या पोटात सँडविच आहे. नाशिकचा उलटा वडापावही त्याच खात्यात. इराण्याकडचा बनमस्का सँडविच आहे का? लोण्याला सारण म्हणायला जीभ अडखळते, पण तिन्ही अटी पुऱ्या होतात आणि इराण्याचा हात सढळ असेल तर शंकाही उरत नाही.

तेव्हा नाव नाकारण्यात शक्ती घालवू नका. भांडायचं तर क्रमांकावर भांडा, तिथे आपली बाजू भक्कम आहे. टेस्टअ‍ॅटलासच्या त्या यादीत पहिला होता व्हिएतनामचा बान मी. त्याचाही पाव वसाहतवाल्यांचा, फ्रेंचांचा. त्याचंही सारण पूर्ण इथलं-तिथलं. ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०११ साली त्याचं नाव जसंच्या तसं आत घेतलं, आणि सँडविच म्हणवून घेतल्याने त्याचं काही बिघडलं नाही. पण पदार्थ म्हणून तो वडापावापेक्षा अठरा पायऱ्या वर कशाला असेल? त्याचा पाव कुरकुरीत आणि आतलं सारण मऊ, थंड, त्यात लोणच्याच्या गाजर-मुळ्याचा तेवढा करकरीतपणा. कुरकुर बाहेर ठेवली की पहिल्या चाव्याला टाळू सोलते आणि पावाचा चुरा सदऱ्यावर पडतो. वडापावाने ती आत ठेवली. लादीपाव इतका मऊ की दात थेट बेसनाच्या कवचावर जाऊन आपटतात, मागून बटाटा, त्यामागून लसूण, आणि शेवटी तळलेल्या मिरचीला चिकटलेलं मीठ. आणि चुरा हवाच असेल तर तो कढईतून वेगळा काढून आत भरतात, मागितला तर जास्तीचाही देतात.